आधी पंप वाचा, मग इंजिन घ्या

थंडी जवळ आली की उत्तर अमेरिकेतल्या मराठी वाचकांची पत्रं एकाच विषयावर येऊ लागतात : ओंडके फोडायचं जुनं हायड्रॉलिक यंत्र, म्हणजे लॉग स्प्लिटर, आणि त्यावरचं बंद पडलेलं इंजिन. त्यांतली काही इथे घेतली आहेत. एक पत्र रत्नागिरीचं आहे. यंत्र वेगळं असलं तरी दुखणं तेच आहे.

प्रश्न (न्यू हॅम्पशायर) : घर घेतलं तेव्हा मागच्या शेडमध्ये लॉग स्प्लिटर मिळालं. त्यावरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं ५ एचपीचं इंजिन तीसेक वर्षांचं असेल. दोरी अगदी हलकी जाते, कॉम्प्रेशन नाहीच असं वाटतं. ६.५ एचपीचं नवं इंजिन बघतोय. बसेल का?

आधी जुनं इंजिन खरंच गेलंय का ते बघा. या साइड व्हॉल्व्ह इंजिनांच्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) मुद्दाम एक छोटा उंचवटा ठेवलेला असतो. सुरू करताना तो इनटेक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरतो, म्हणून दोरी हलकी जाते. हे माहीत नसल्यामुळे कित्येक चांगली इंजिनं भंगारात गेली आहेत, आणि मला त्याचं वाईट वाटतं. प्लगची वायर काढा आणि फ्लायव्हील उलट्या दिशेने हाताने जोरात फिरवा. झटक्यात मागे उसळलं तर कॉम्प्रेशन शाबूत आहे. दोष कार्बोरेटरमध्ये किंवा प्लगमध्ये शोधा. नाही उसळलं, तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा फिरवा. आता उसळलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. तरीही नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा हेड गास्केट उडालंय, आणि ही दोन्ही कामं घरी होण्यासारखी आहेत.

नवं घ्यायचंच ठरलं, तर एचपीचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा. ओंडका फोडतं ते दाबाखालचं तेल. इंजिनाचं काम पंप फिरवण्याचं. तेव्हा पंपावरची पट्टी पुसून वाचा. तुमच्या यंत्रावर बहुधा मिनिटाला ११ गॅलनचा, दोन टप्प्यांचा पंप असेल. पाचर लाकडाला टेकेपर्यंत तो कमी दाबाने भरपूर तेल ढकलतो; अडथळा आला आणि दाब ६५० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड) आसपास गेला, की आपोआप थोड्या तेलावर आणि मोठ्या दाबावर जातो. गॅलन गुणिले दाब, भागिले १७१४, म्हणजे एचपी. ११ गुणिले ६५० भागिले १७१४ केलं की ४.२ येतात; पंपातली गळती आणि घर्षण धरून ५. दुसऱ्या टप्प्यात २५०० पीएसआयला सुमारे २.८ गॅलन धरले, तरी उत्तर ५ च्या जवळच येतं. जुनं इंजिन ५ एचपीचं होतं ते उगीच नव्हे.

आता छापील आकड्यांबद्दल. होंडाचं जीएक्स१६० पूर्वी ५.५ एचपीचं म्हणून विकलं जायचं. मोजण्याची पद्धत बदलल्यावर तेच इंजिन ४.८ चं झालं. जीएक्स२०० तसंच ६.५ वरून ५.५ वर आलं. तुम्ही बघताय ते ६.५ कोणत्या मोजणीचं, हे विचारा. ११ गॅलनच्या पंपाला जीएक्स२०० किंवा त्याच आराखड्यावर बनलेलं १९६ ते २१२ सीसीचं इंजिन नेमकं आहे. वर्षाला दोन-तीन कॉर्ड (एक कॉर्ड म्हणजे ४ × ४ × ८ फुटांची रास) फोडणाऱ्याने या आराखड्याचं स्वस्त इंजिन घ्यायला माझी हरकत नाही. रोज पोटासाठी लाकूड फोडणाऱ्याला मात्र मी होंडाच सांगेन.

बसेल का, याचं उत्तर टेप घेऊन मिळतं. तुमच्या जुन्या इंजिनाचा शाफ्ट बहुतेक पाऊण इंची असेल, त्याच्या खाचेत बसणारी चावी ३/१६ इंचाची. नव्याचाही तसाच आडवा, सरळ, चावीचा शाफ्ट हवा. चुडीचा किंवा निमुळता नको. बुडाची भोकं जुळणार नाहीत, नवी पाडावी लागतील. ते सोपं आहे. अवघड गोष्ट उंचीची. पंप ब्रॅकेटने इंजिनाच्या तोंडावरच बसवलेला असेल तर शाफ्टच्या उंचीची काळजी नाही, फक्त ब्रॅकेटच्या चार बोल्टांचं वर्तुळ नव्या इंजिनाशी जुळतंय का ते मोजा. पंप फ्रेमवर वेगळा बसवलेला असेल, तर नव्या इंजिनाखाली पत्रे घालून दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणावेच लागतील.

कपलिंग, म्हणजे दोन्ही शाफ्ट जोडणारा तुकडा, काढताना शाफ्टवर हातोडी मारू नका, पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावा. बसवताना त्याच्या दोन भागांत, मधल्या रबरी चांदणीच्या बाजूने, साधारण दीड मिलिमीटर फट सोडा. सुरुवातीच्या काळात मी ते घट्ट दाबून बसवलं होतं. महिन्याभरात पंपाचं सील गळायला लागलं, आणि चूक सर्वस्वी माझी होती. नवं इंजिन तेलाविना येतं, जीएक्स२०० ला सुमारे ०.६ लिटर लागतं. पहिलं तेल २० तासांनी बदला. होज पुन्हा जोडल्यावर गळती शोधायला पुठ्ठा फिरवा, हात कधीच नको. सुईएवढ्या छिद्रातून निघालेलं २५०० पीएसआयचं तेल हातमोज्यातूनही कातडीत घुसतं. तसं झालं तर जखम कितीही छोटी दिसो, त्याच क्षणी इस्पितळ गाठा.

प्रश्न (ओंटारियो) : माझ्याकडेही ११ गॅलनचाच पंप आहे. १३ एचपीचं इंजिन स्वस्तात मिळतंय. लावलं तर जोर दुप्पट होईल ना?

जोर तसूभरही वाढणार नाही. तो सिलिंडरच्या व्यासावर आणि रिलीफ व्हॉल्व्हने (दाब हद्दीबाहेर जाऊ न देणाऱ्या झडपेने) ठरवलेल्या दाबावर असतो. ४ इंची सिलिंडरचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस इंच. गुणिले २५०० पीएसआय म्हणजे ३१,४०० पौंड, जवळजवळ १६ अमेरिकी टन. मागे कितीही मोठं इंजिन लावा, हा आकडा तिथेच राहतो. वेगही वाढत नाही, कारण मिनिटाला ३६०० फेऱ्यांना ११ गॅलनचा पंप ११ गॅलनच देतो. वाढेल ते पेट्रोल आणि वजन. शिवाय त्या मापाच्या इंजिनांना बहुधा एक इंची शाफ्ट येतो, म्हणजे कपलिंगही नवं. रिलीफ व्हॉल्व्ह आवळून जोर वाढवायचा विचार मनात येत असेल तर तो सोडून द्या; होज, सिलिंडर आणि फ्रेमची वेल्डिंग त्या दाबासाठी केलेली नाही. वेग हवा असेल तर १६ गॅलनचा पंप आणि ८ एचपीचं इंजिन अशी जोडी एकदम बदला, त्याआधी टाकीचा आणि होजचा आकार त्याला पुरतो का ते बघा.

प्रश्न (रत्नागिरी) : हापूसच्या कलमांवर फवारणीसाठी एचटीपी (जास्त दाबाचा) पंप आहे. इंजिन जुनं, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारं. रॉकेल मिळत नाही. नवं पेट्रोल इंजिन आणलं तर पंप तोच राहील ना?

खर्च करण्याआधी जुनंच पूर्ण वेळ पेट्रोलवर चालवून बघा. ते पेट्रोलवर सुरू होतं, म्हणजे चालतंही. रॉकेलची टाकी रिकामी करा, नळी बंद करा, पाचेक मिनिटं भाराखाली चालवून प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळाभोर ओला असेल तर जेट आणि फ्लोट तपासून घ्या, पांढरा पडला असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय.

इंजिन झिजलंच असेल तर पंप तोच ठेवा, पण पुलीचं गणित पुन्हा मांडा. पंपाच्या पट्टीवर फेरे लिहिलेले असतात. समजा ९०० आहेत. इंजिन ३६०० फेऱ्यांचं आणि त्यावर ३ इंची पुली असेल, तर पंपाला १२ इंची पुली हवी. फसगत इथे होते : काही इंजिनांना आतच फेरे निम्मे करणारी रिडक्शन असते, शाफ्ट १८०० नेच फिरतो. जुनं तसं असेल तर पंपावर ६ इंची पुली असणार. तिथे साधं नवं इंजिन जोडलंत तर पंप दुप्पट वेगाने फिरेल, आणि सील पहिल्या बागेतच जातील. दुकानात जाताना जुन्या इंजिनाच्या पट्टीचा आणि दोन्ही पुलींचा फोटो घेऊन जा.

फवारण्या संपल्या की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून बंद करा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणचा पावसाळा मध्ये पडल्यावर फ्लोटच्या वाटीत काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न (मिनेसोटा) : नवं इंजिन बसवलंय, पण उणे तापमानात दोरी ओढवत नाही. इंजिन परत करू का?

करू नका. या यंत्रात क्लच नसतो, दोरी ओढली की पंपही फिरतो आणि आतलं हायड्रॉलिक तेल थंडीत मधासारखं झालेलं असतं. ते तेल आयएसओ ३२ (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा) किंवा त्याहून पातळ घाला, इंजिनात ५डब्ल्यू-३० सिंथेटिक. पुढच्या वेळी इंजिन घेताना बटन स्टार्टचं घ्या. तुमच्याकडच्या हिवाळ्यात ती चैन नाही.

प्रश्न (मिशिगन) : गवत कापायच्या जुन्या यंत्राचं इंजिन आडवं करून लावता येईल का?

नाही. उभ्या शाफ्टच्या इंजिनाची तेल उडवायची व्यवस्था उभ्यासाठीच असते. आडवं केलंत तर बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाही. शिवाय त्याचं फ्लायव्हील हलकं असतं, कारण पात्याचं वजन त्यात धरलेलं असतं.

प्रश्न (न्यू जर्सी) : शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो. ५ एचपीच्या इंजिनाऐवजी विजेची मोटर चालेल का?

चालेल, आणि घराजवळ फोडत असाल तर मला हा मार्ग आवडतो. १७२५ फेऱ्यांची मोटर घ्या. पंप निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ताकदही निम्मी लागते : अडीच-तीन एचपी. जोर तेवढाच राहतो, वेळ दुप्पट होतो. ४ इंची, २४ इंच धावेच्या सिलिंडरला पुढे जायला ११ गॅलनवर ७ सेकंद लागतात, ते १४ होतील. एकट्याने ओंडके उचलून ठेवणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही. मात्र १२० व्होल्ट, १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ही मोटर चालणार नाही, त्यातून फार तर १८०० वॅट निघतात. २४० व्होल्टची वेगळी लाइन परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ओढून घ्या, आणि मोटर पूर्ण बंदिस्त घ्या. लाकडाचा भुसा उघड्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये जाऊन बसतो.