साखर खाऊन गुलाबाचा वास देणारं यीस्ट, अन् आपलं तिखाडी गवत

प्रश्न: दादा, मेळघाटाच्या पायथ्याशी माझं तीन एकर रोशा गवत आहे, आमी तिखाडी म्हनतो, गावातल्याच भट्टीवर तेल काढतो. पुण्यात शिकनारा भाचा म्हनते की आता यीस्टले साखर चारली का गुलाबाचा वास तयार होते. मंग आमच्या तेलाले कोन इचारन?

उत्तर: भाऊ, भाचा बरोबर सांगतो. मोहाची फुलं मडक्यात भिजत घातली की फसफसतात न, ते यीस्टचंच काम, साखर खायची न दारू करायची. तुमच्या तेलातला गुलाबी वास मुख्यतः जेरॅनिऑल नावाच्या रेणूचा, अन् यीस्ट स्वतःच्या पेशीच्या पडद्यासाठी एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ बनवते तेव्हा त्या वाटेत जेरॅनिऑलचा कच्चा माल आपसूक तयार होतो. शास्त्रज्ञांनी सब्जाचा एक जीन यीस्टमध्ये घातला न तो माल मधेच वळवला, आपण पाटाचं पाणी फोडून वाफ्यात घेतो तसं.

अडचण अशी की जेरॅनिऑल जंतुनाशक आहे, जास्त झालं की यीस्टच मरते. म्हणून टाकीत वर तेलकट थर ठेवतात, वास त्यात उतरतो न यीस्ट वाचते. तरी लॅबमध्ये लिटरमागं काही ग्रॅमच निघतं. पचौली या सुगंधी झाडाच्या तेलासारखा वास असलेला क्लिअरवूड मात्र फर्मेनिक न अमायरिस या कंपन्यांनी यीस्टकडून बनवून घेतला न २०१४ मध्ये उसाच्या साखरेपासून बाजारात आणला, म्हणजे ही नुसती हवेतली गोष्ट नाही.

जेरॅनिऑल टर्पेंटाइनपासून, म्हणजे चीडाच्या डिंकाच्या तेलापासून, कारखान्यात कधीचंच बनतं, तरी तुमचं तेल विकलं जातं, कारण त्यात जेरॅनिल अ‍ॅसिटेट, लिनालूल असे दुसरे वासाचे रेणूही सोबत असतात, एकट्या रेणूला तो वास येत नाही. मला काळजी वेगळीच वाटते. अमेरिका-युरोपात फ्लेवरसाठी यीस्टनं बनवलेला रेणू 'नॅचरल' म्हणून विकता येतो, कारखान्यातला येत नाही. म्हणजे ज्या शब्दावर तुम्हाला भाव मिळतो त्यातच वाटेकरी येऊ शकतो, न मला वाटते तुमची खरी स्पर्धा तिथं आहे.

म्हणून बियाणं मोतिया जातीचंच घ्या, सोफिया या दुसऱ्या जातीत जेरॅनिऑल कमी असते. कापणी फुलोरा आल्यावर करा, अन् तेल व्यापाऱ्याला देण्याआधी एकदा जीसी टेस्ट (तेलात कोणता घटक किती टक्के ते सांगणारी लॅबची तपासणी) करून घ्या, रिपोर्ट हातात असला की भाव तुम्ही सांगता.