पेस्ट गिळते म्हणून फ्लोराइड बंद करावं का?

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. ब्रश करताना ती पेस्ट थुंकत नाही, गिळते. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढुरके डाग दिसले, तेव्हा ते फ्लोराइडमुळेच असणार असं घरात सगळ्यांचं मत पडलं. दोन महिने फ्लोराइड नसलेली पेस्ट वापरतोय, पण डाग वाढलेच. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘हिरडीलगत’ आणि ‘वाढलेच’ या दोन शब्दांपाशी मी थबकले. फ्लोराइड जास्त झाल्याचे डाग दात हिरडीच्या आत घडत असताना पडतात. बाहेर आलेल्या दातावर ते नव्याने पडत नाहीत. शिवाय ते बहुधा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच, बारीक आडव्या रेघांसारखे असतात. हिरडीच्या कडेने खडूसारखा निस्तेज पट्टा वाढत असेल, तर मला आधी किडीची शंका येते. काळा खड्डा पडण्याआधी कीड अशी पांढरीच दिसते.

तसं असेल तर वेळ गेलेली नाही. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि त्याने दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम, फॉस्फेट निघून जातं. लाळ ते परत भरत असते. फ्लोराइड असलं की हे काम वेगाने होतं आणि भरलेला भाग आम्लापुढे जास्त टिकतो. म्हणजे तुम्ही बंद केलंत ते नेमकं हवं होतं. आजच ती पेस्ट पुन्हा सुरू करा आणि या आठवड्यात दात दाखवून घ्या. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून थांबू नका. गरज असेल तर डॉक्टर फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावर बसणारा पातळ लेप, लावतील; त्याला काही मिनिटं पुरतात.

गिळण्याची तुमची काळजी मात्र रास्त आहे. या वयात कायमचे दात आत घडत असतात. पण सांभाळायचं ते प्रमाण. मी पालकांच्या हातात ट्यूब देते आणि ‘रोज लावता तशी लावा’ म्हणते. बहुतेक जण ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लावतात! ती साधारण 1 ग्रॅम भरते. 1000 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड असलेल्या पेस्टमध्ये तेवढ्यात 1 मिलिग्रॅम फ्लोराइड. तुमच्या मुलीला मटारच्या दाण्याएवढी पुरे, म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच. पेस्ट तुम्हीच लावा, ट्यूब तिच्या हाती लागू देऊ नका. थुंकायला रोज शिकवा, पण नंतर चूळ भरायला लावू नका, नाहीतर दातावर राहिलेलं फ्लोराइड धुऊन जातं.

ती सात-आठ वर्षांची होईपर्यंत ब्रश तुमच्याच हातात असू द्या. रात्री तिचं डोकं मांडीवर घ्या, बोटाने वरचा ओठ उचला आणि हिरडीच्या कडेवरून ब्रश हलकेच फिरवा. मुलं स्वतः घासतात तेव्हा नेमकी हीच कड राहून जाते.