भाता उंदरांनी खाल्ला, आणि पोरगा ऑर्गन मागतोय

नमस्कार भाऊ,

पत्र पोचलं. तुमचं नाव-गाव टाकत नाही, पण बाकीच्यांना कळायला थोडक्यात सांगतो. ब्रह्मपुरी तालुक्यातलं गाव, तुम्ही १९९० चे दहावी, मग आयटीआय वायरमन, तेव्हापासून मोटार रिवायंडिंगचं दुकान, सोबत दीड एकर धान. मुलगी जीएनएम नर्सिंग करून नोकरीला लागली. मुलगा बारावी सायन्सला, आणि तो म्हणतो परीक्षा झाली की शिक्षण बंद, वडसाला, म्हणजे आपल्या झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या) नाटक कंपन्यांच्या गावाला जातो आणि नाटक कंपनीत ऑर्गन वाजवतो. तुमचा प्रश्न एका ओळीचा, "सर, पोराले सोडू का नाही सोडू?"

पण भाऊ, सहा पानांचं पत्र आणि त्यातली चार पानं पोराबद्दल नाहीतच. ती उन्हाळ्यात झालेल्या तुमच्या दहावीच्या बॅचच्या गेट-टुगेदरबद्दल आहेत. एकाचा पुण्यात फ्लॅट, एक झेडपीत मास्तर, एक पोलिसात, एकाची पोरगी परदेशात, सगळ्यांनी उभं राहून आपापलं सांगितलं आणि तुमची पाळी आली तर तुम्ही "दुकान आहे" एवढंच बोलून खाली बसलात. आणि मग जेवताना तिघांनी वेगवेगळं येऊन एकच विचारलं, "काबे, पेटी वाजवतोस का अजून?" फ्लॅटवाल्याला कोणी फ्लॅटचं विचारलं नसेल हो जेवताना. पस्तीस वर्षांनी लोकांच्या डोक्यात तुम्ही मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या नाटकाच्या रात्री पेटीवर बसलेलेच आहात, आणि तुम्हाला त्याचंच उत्तर देता आलं नाही. घरी येऊन माळ्यावरून पेटी काढली, भाता उंदरांनी खाल्लेला, दोन सूर उठेनात, परत गुंडाळून ठेवली. हे तुम्ही लिहिलंय म्हणून मी पोराच्या आधी तुमच्याबद्दल बोलतोय, राग मानू नका.

तुम्ही लिहिता की संसारामुळे सुटलं. मी पेन घेऊन तुमच्याच पत्रातल्या तारखा मांडल्या. लग्न १९९८. शेवटची मंडई वाजवली २००६ ला. म्हणजे बायको आली, पोरगी झाली, वडिलांचं आजारपण झालं, तरी आठ वर्षं तुम्ही वाजवतच होता की. मग २००६ ला काय झालं? तेही तुम्हीच लिहिलंय, दुसऱ्या पानावर, भलत्याच संदर्भात, की त्या वर्षी वाइंडिंगची दुसरी मशीन घेतली, तिचं कर्ज होतं आणि दुकान रात्री दहापर्यंत उघडं ठेवायला लागलो. कर्ज तीन वर्षांत फिटलं. दुकान मात्र अजून दहालाच बंद होतं. वहिनीच्या डोक्यावर हे उगाच टाकू नका, त्यांनी तर म्हणे दोनदा विचारलं होतं की पेटी दुरुस्त करून आणू का.

मी काही वेगळा नाही. मी १९८४ चा दहावी, सिंदेवाहीकडचा. बीए, बीएड, मग ज्युनिअर कॉलेज, मुलांची लग्नं, रिटायरमेंट. व्हॉलीबॉल खेळायचो, ते गुडघ्याने सोडवलं असं मी सगळ्यांना सांगतो, खरं म्हणजे गुडघा दुखायच्या पाच वर्षं आधीच ट्यूशनच्या नादात ग्राउंडवर जाणं सुटलं होतं.

आता पोराकडे येऊ. तो म्हणतो की झाडीपट्टीच्या माणसाला पद्मश्री मिळाली, मग मी काहून नाही? बरोबर आहे, झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ ला मिळाली आणि आपल्या सगळ्या पट्ट्याला आनंद झाला. पण एका माणसाचं उदाहरण घेऊन करिअर ठरवायचं नसतं हे मी ठेच लागून शिकलोय. मी आधी प्रत्येक भाषणात नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडेंचं उदाहरण द्यायचो, तिसरी शिकलेला माणूस आणि एचएमटी हे धानाचं वाण शोधलं. टाळ्या पडायच्या. मग लक्षात आलं की अर्धीच गोष्ट सांगतोय, २०१८ ला ते गेले तोवर पैशाची ओढाताण सुटली नव्हती, ते मी कधी सांगतच नव्हतो. आता दोन्ही सांगतो, टाळ्या कमी पडतात.

आणि दुसरी ठेच याहून वाईट. २००९ च्या आसपास मी एका हुशार पोराला छातीठोकपणे सांगितलं, डीएड कर, लाइफ सेट. त्याच्या बापाने बैलजोडी विकून फी भरली. पोरगा पास झाला आणि पुढे भरतीच अडकली, २०१३ ला टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, २०१७ ला अभियोग्यता चाचणी आली, एकामागून एक पायऱ्या वाढत गेल्या आणि त्याचं वय पण. आज त्याचं किराणा दुकान आहे, मला पाहिलं की चहा पाजतो, मला तो चहा गिळत नाही. तेव्हा वीस वर्षांनी काय चालेल हे मला माहीत आहे असं मी आता कोणालाच म्हणत नाही.

पण एक गोष्ट मला दिसते, ती तुम्हाला इतकी जवळ आहे म्हणून दिसत नसेल. तुमच्याकडे मोटारी जळून कधी येतात? पाऊस दडी मारतो, धान गर्भावर येतं, सगळ्या गावाचे पंप एकदम चालतात, व्होल्टेज पडतं, तेव्हा. नाहीतर उन्हाळी धानाला. आणि नाटकं कधी? भाऊबीजेपासून मंडया लागतात, धान कापून झालेलं, चुरणं आटपत आलेलं, हातात दोन पैसे, आणि तिथून होळीच्या आसपासपर्यंत मंडप. म्हणजे ज्या दिवसांत तुमच्या दुकानात गिऱ्हाईक कमी त्याच दिवसांत वडसाचा सीझन. झाडीपट्टीतली कितीतरी कलाकार मंडळी बाकीचे महिने शेती करतात, मजुरी करतात, दुकान चालवतात, ते काही कलेत कमी पडले म्हणून नाही, हे नाटक धानाच्या कॅलेंडरवरच उभं राहिलंय. पोराला हे सांगा की कोरोनाच्या वर्षी सीझन बसला तेव्हा ज्याच्या हातात दुसरं काही होतं तोच नीट राहिला.

म्हणून माझं मत असं, सोडा, पण रिकाम्या हाताने नको. बारावी सायन्स पास झाला की पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, दोन वर्षांत मोकळा. किंवा आयटीआय इलेक्ट्रिशियन, तेही दोन वर्षं, मग अप्रेंटिस. मला आयटीआय जास्त पटतं कारण तुमचं दुकान आहे, पण पोराची गणिताची मार्कं पाहिल्याशिवाय पक्कं सांगत नाही. शिकतानाची दोन वर्षं पूर्ण सीझन मिळणार नाही, हजेरी असते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आणि शनिवारच्या रात्री जेवढे प्रयोग मिळतील तेवढे, हे त्याला आधीच कबूल करून घ्या. ऑर्गनसाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या हार्मोनियमच्या परीक्षा देत राहू दे, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत, म्हणजे नुसतं कानाने वाजवतो असं होणार नाही. पुढे खरंच नाटकच करायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते आणि नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो, अनुभव त्याच्याकडे येईल, पदवी मुक्त विद्यापीठातून बाहेरून पण करता येते. हे मात्र नंतरचं, आजच डोक्यात घालू नका.

आणि ऑर्गन त्याला लगेच घेऊन देऊ नका. आधी तुमची पेटी नीट करा. भाता म्हणजे काय हो, पुठ्ठा, कापड, कातडं आणि चिकटवणं, तुम्ही रोज स्लॉटमध्ये इन्सुलेशनचा कागद मापाने कापून बसवता, तुमच्या हातांना हे काम अवघड नाही. ते दोन सूर बहुतेक आतल्या रीडच्या पट्टीत धूळ बसून अडकले असतील, ब्रशने साफ करून पहा, खरवडू नका. पोराला शेजारी बसवा, तो धरेल, तुम्ही चिकटवा.

रोवणी आटोपली की रविवारी दोघंही या, त्याची दहावीची आणि अकरावीची मार्कशीट घेऊन. आणि पेटी वाजत असेल तर तीही आणा, माझ्या शेजारी एक तबलावाले राहतात.