दादर, कडबा आणि काड्या: शेतावरच्या घराचे प्रश्न

प्रश्न : आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास आम्ही वर्षाची दादर (रब्बी ज्वारी) आणि तूर भरून ठेवतो. दादर निभते, पण तुरीला पोळ्याच्या आतच भुंगा लागतो. शेजारी म्हणतात, कोठीत औषधाच्या गोळ्या टाका. टाकाव्यात का? (पारोळा)

गोळ्यांचं आधी सांगतो. राहत्या घरात त्या नको म्हणजे नकोतच. या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो किडा-माणूस असा भेद करत नाही. कोठीच्या खोलीला लागून लेकरं झोपतात, दार रात्रभर लोटलेलं असतं. या विषावर उतारा नाही. दुकानात सुटी मिळाली म्हणून ती घरात वापरण्याजोगी होत नाही.

आता तुरीकडे वळू. भुंगा कोठीत जन्मत नाही, तुम्हीच त्याला शेतातून घरी आणता. शेंग वाळायला लागली की मादी तिच्यावर अंडी घालते. तूर भरण्याआधी मूठभर दाणे उजेडात नीट बघा. सालीला चिकटलेला पांढरा ठिपका दिसला तर ते अंडं समजा. आतली अळी दाणा पोखरते आणि गोल भोक पाडून भुंगा बाहेर पडतो. तुम्हाला तो दिसतो तेव्हा निम्मं नुकसान होऊन गेलेलं असतं.

म्हणून खाण्याची तूर अख्खी ठेवूच नका. चैत्र-वैशाखाच्या उन्हात डाळ करून टाका, कारण या भुंग्याला अख्खा दाणा लागतो आणि डाळीवर त्याचं फारसं चालत नाही. आपल्याकडच्या बायका ऐन उन्हात डाळी भरडायला बसतात, ते उगाच नाही. थोडी अख्खी हवीच असेल तर किलोला चहाचा एक चमचा गोडेतेल घेऊन दाणा न दाणा चोळा. तेलाच्या थराखाली अंडी जगत नाहीत.

वाळवण्यात मात्र कसूर नको. दाण्यातला ओलावा कडधान्यात 8-9 टक्के आणि ज्वारी-गव्हात 10-12 टक्क्यांपर्यंत उतरला पाहिजे. घरी यंत्र नसतं, तेव्हा दाणा दातानं फोडून बघा. कट् आवाज करून तुटला तर भरा, दबला तर अजून दोन उन्हं द्या. अंगणातून उचललेलं गरम धान्य लगेच कोठीत ओतू नका. रात्रभर निवू द्या, नाहीतर आत घाम धरतं. पोती फळीवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. कडुनिंबाचा पाला घाला, पण सावलीत खडखडीत वाळवून. ओला पाला म्हणजे धान्याला पाणी पाजणं. आणि नुसत्या पाल्याच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : दोन बैल, एक गाय, एक म्हैस आहे. दरवर्षी मे महिन्यात कडबा संपतो आणि महाग भावानं घ्यावा लागतो. किती साठवावा? (साक्री)

हिशोब माघातच करा, मे महिन्यात केलेला हिशोब नसतो, उधारी असते. मोठ्या जनावराला थोडी हिरवी वैरण मिळत असेल तर रोज 6-7 किलो कडबा धरा. चार जनावरं आणि फेब्रुवारी ते जुलै असे सहा महिने म्हटलं तर साधारण पाच टन होतो. आपल्या पाच-सहा पेंढ्या तोलून सरासरी काढा, म्हणजे किती पेंढ्या लागतील ते कळेल. दुसऱ्याच्या पेंढीच्या वजनावर विश्वास ठेवू नका.

कुट्टी केल्याशिवाय घालू नका. अख्ख्या कडब्याचा पाला जनावर खातं आणि दांडे पायाखाली जातात. गंजी दगड किंवा लाकडं टाकून उंचावर रचा, माथा उतरता ठेवा आणि वळवाच्या आधी झाका. दोन एकर मका असेल तर थोडा मुरघासही (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करा. दाण्यात दुधाळ चीक घट्ट होऊ लागला की कापा, कुट्टी दाबून भरा, हवा जाऊ देऊ नका आणि दीड महिना उघडू नका.

प्रश्न : पावसानं ताण दिलाय. ज्वारी गुडघाभर होऊन सुकतेय, दाणा येणार नाही. कापून जनावरांना घातली तर? (मुक्ताईनगर)

आज नको. किरळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागेल. कोवळ्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत सायनाइडचं विष तयार होतं. कापलेल्या धसकटांना फुटलेल्या कोंबांतही ते असतं. जनावर धापा टाकतं, थरथरतं, आडवं होतं, आणि हे सगळं काही मिनिटांत. पशुवैद्यकाकडे त्यावर इंजेक्शन असतं, पण तो वेळेत पोचला तर. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवं घालू नका. कापायचंच असेल तर उन्हात पूर्ण वाळवून, थोडं थोडं, दुसऱ्या वैरणीत मिसळून द्या. आणि उपाशी बैल त्या बांधावर सोडू नका.

प्रश्न : कपाशीच्या काड्या वर्षभराच्या सरपणासाठी घराशेजारी रचतो. सगळे म्हणतात, त्यामुळे बोंडअळी येते. खरं का? (चोपडा)

खरं आहे. काडीला अडकून राहिलेली किडकी, अर्धवट उमललेली बोंडं फोडून बघा, सरकीत गुलाबी अळी झोपलेली सापडेल. उन्हाळा ती तशीच काढते आणि पावसाची चाहूल लागली की पतंग होऊन तुमच्याच नव्या कपाशीवर येते. डिसेंबर-जानेवारीत कपाशी उपटा. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक राखण्याचा, मोह सोडा, चार वेच्यांचा कापूस पुढच्या वर्षी दामदुपटीनं वसूल होतो. सरपण लागणारच, गॅस असला तरी कळण्याच्या भाकरीला चूल पेटतेच. मग रचण्याआधी बोंडं झोडून गोळा करा आणि जाळा, आणि उरलेल्या काड्या मेच्या आत संपवा. बाकी काड्यांचा यंत्रानं भुगा करून शेतातच टाका. घराला लागून ढीग नको, याला आणखी एक कारण आहे : पावसात त्यात साप शिरतात.

प्रश्न : गच्चीचं पाणी साठवून पिण्याला पुरेल का? (शिंदखेडा)

पुरेल. 60 चौरस मीटर गच्चीवर 500 मिलिमीटर पाऊस म्हणजे 30,000 लिटर. वाया जाणारं सोडून 24,000 धरा. पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज 50 लिटर, म्हणजे दिवाळीपासून मृगापर्यंत साधारण 11-12 हजार लिटरची टाकी झाली. पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडा, टाकीत उजेड आणि डास जाऊ देऊ नका, पिताना उकळा.

प्रश्न : गुरांना घटसर्पाची लस कधी द्यावी? (यावल)

मेच्या मध्यावर, फऱ्या रोगाच्या लशीसोबतच. शेळ्या असतील तर आंत्रविषाराचीही तेव्हाच. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पहिला पाऊस पडल्यावर दवाखान्यात रांग लावून उपयोग नाही. आजारी जनावर त्या दिवशी वगळा आणि बरं झालं की आठवणीनं न्या.