येझदीचे सायलेन्सर : गंज, निळेपणा आणि चमक

प्रश्न : वडिलांची १९८५ सालची येझदी मोटारसायकल बरीच वर्षे आमच्या वाड्यात ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन आता सुरू झाले आहे. परंतु दोन्ही सायलेन्सरांवर गंजाचे ठिपके आहेत, इंजिनाजवळचे बेंड पाइप निळे-पिवळे पडले आहेत आणि एका जागी रेनकोट वितळून चिकटलेला आहे. शेजारी संडास साफ करण्याचे ॲसिड लावायला सांगतात, गॅरेजवाला पॉलिश पेपर मारू म्हणतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : कृपया दोघांचेही ऐकू नये. त्या ॲसिडमधले हायड्रोक्लोरिक आम्ल गंजाबरोबर क्रोमही खाते. प्लेटिंग करणारे कारागीर जुना क्रोम उतरवण्यासाठी हेच आम्ल वापरतात. पॉलिश पेपरचे म्हणाल, तर क्रोम कठीण असला तरी त्याचा थर एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो आणि तो घासला गेला की खालचे पिवळसर निकेल उघडे पडते. ही इजा घरी भरून काढता येत नाही.

मुळात गंज हा क्रोमचा नसतो. क्रोम व निकेलमधल्या बारीक छिद्रांतून ओल आत जाते, खालचे पोलाद गंजते आणि तो गंज ठिपक्यांच्या रूपाने वर येतो. म्हणून क्रोमपेक्षा मऊ, पण गंज खरवडू शकेल असे काही हवे. स्वयंपाकघरातला अल्युमिनियम फॉइल या कामाला उत्तम आहे. इंजिन पूर्ण थंड असताना पाइप साबणाच्या पाण्याने धुवून घ्यावेत. धुताना मागच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबावा आणि तो नंतर आठवणीने काढावा. मग फॉइलचा चुरगाळलेला तुकडा पाण्यात बुडवून ठिपक्यांवर हलक्या हाताने फिरवावा. थोड्याच वेळात करडा-काळा लगदा सुटू लागतो; तो पुसून बोटाने चाचपून पाहावे. जागा गुळगुळीत लागली तर क्रोम शाबूत आहे, असे समजून मेटल पॉलिश आणि जुन्या सुती बनियनच्या कापडाने शेवटचा हात फिरवावा. खड्डा लागला तर तिथला क्रोम गेलेला आहे आणि कोणत्याही पॉलिशने तो परत येणार नाही. असे खड्डे मोजकेच असतील, तर नव्याने प्लेटिंग करण्यापेक्षा तेलाचा पातळ हात देत राहावे, असे आमचे मत आहे. प्लेटिंगसाठी आधी बरीच घासाई करावी लागते आणि जुन्या पाइपाचा पत्रा तेवढ्याने पातळ होतो.

चिकटलेल्या रेनकोटसाठी इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे आणि प्लास्टिक मऊ झाले की आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खरवडावे. जाड हातमोजे घालावेत. पेट्रोल किंवा थिनर गरम पाइपाजवळ नेऊ नये.

निळेपणाचा प्रश्न मात्र चमकेचा कमी आणि इंजिनाचा जास्त आहे. फार तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर जाडावतो आणि त्याचे रंग दिसतात. फिकट पिवळेपणा पॉलिशने जातो. गडद निळा मात्र घासून कमी केला, तरी कारण तसेच राहिल्यास परत येतो. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) अर्धवट तुंबणे, इनटेकच्या जोडातून हवा शिरणे किंवा ठिणगीचे टायमिंग मागे पडणे, या गोष्टी आधी मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात. येझदीचा बेंड पाइप सिलिंडरला गोल नटाने आवळलेला असतो. त्याच्या कडेने काळे तेलकट ओघळ दिसत असतील, तर तो जोडही गळतो आहे.

बाहेरून चकचकीत केलेला पाइप आतून कुजतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. गाडी रोज केवळ बडकस चौकापर्यंत नेऊन परत आणली, तर पाइप पुरेसा तापत नाही आणि ते पाणी आतच साठते. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी वर्धा रोडने लांबचा फेरा मारावा. पावसाळ्यात ताडपत्री गाडीला चिकटू न देता खालून हवा खेळेल अशी टांगावी. नागपूरच्या मे महिन्यापेक्षा जुलै-ऑगस्टमधली कोंडलेली ओलच क्रोमला जास्त मारक असते.

प्रश्न : माझ्या गाडीचा सायलेन्सर काळा आहे. त्यावरही फॉइल चालेल का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : नाही. तो रंग आहे, क्रोम नव्हे. फॉइलने आणि मेटल पॉलिशने तो निघून जाईल. गंजलेली जागा तेवढी तारेच्या ब्रशने घासून, तेलकटपणा पुसून, उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचे पातळ थर द्यावेत. हा रंग पाइप तापल्यावरच पक्का होतो. म्हणून तो वाळल्यानंतर इंजिन आधी थोडा वेळ आणि मग जास्त वेळ असे टप्प्याटप्प्याने चालवावे. तोपर्यंत त्यावर पाणी पडू देऊ नये.