नव्या इंटर्नला, मेरोपेनेम लिहिण्याआधी
ताप दिसला की मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक लिहायचा मोह होईल, आवर. आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) घे, दोन वेगवेगळ्या जागांहून, मग पहिला डोस. सेप्टिक शॉक (जंतुसंसर्गाने बीपी कोसळणं) असेल तर मात्र कल्चरसाठी अडून राहू नकोस, तासाभरात डोस गेलाच पाहिजे. ४८ ते ७२ तासांनी कल्चरचा रिपोर्ट बघून सरांना विचार: औषध बदलायचं, की बंद करायचं? हेच सगळ्यात जास्त राहून जातं, कारण राउंडला 'कंटिन्यू सेम' (तेच चालू ठेवा) लिहिणं सोपं! व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक १ ग्रॅम, शिरेतून किमान तासभर हळूहळू सोड, नाहीतर पेशंट लालबुंद होतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये मिसळू नकोस. आणि 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे' म्हणाले, तर नेमकं काय झालं होतं ते खोदून विचार. बऱ्याचदा नुसती मळमळ निघते.