चिठ्ठीवर पोटदुखी असली तरी पहिले हृदय बघ

बेटा,

नाइट ड्यूटीत रिपोर्टिंगला सीटी स्कॅन आला की हातपाय गार पडतात म्हणालीस, पडणारच. आपल्या नागपुरात रात्री अडीचला गडचिरोली नाहीतर बालाघाटकडून ॲम्ब्युलन्स येते, पेशंट कित्येक तास हादरे खात आलेला, सोबतच्या चिठ्ठीवर नुसतं 'पोटदुखी', आणि मग सगळे पित्ताशय नि पॅन्क्रियाज शोधत बसतात. अरे पण पोटाच्या सीटीतही वरच्या स्लाइसमध्ये हृदयाचा खालचा भाग येतोच ना, तो पहिले बघ.

मागे अशीच एक केस होती, पोटात काहीच नाही पण हृदयाभोवती द्रवाचं कडं. आरओआय (घनता मोजायचा गोल) ठेवला तर ४५ हाउन्सफील्ड युनिट. साधं पाणी साधारण २० च्या खाली राहते, ३०-३५ च्या वर गेलं की रक्त समजायचं. पेशंट टेबलावर असतानाच छातीचा स्कॅन करून घेतला तर असेंडिंग एओर्टात (हृदयातून वर निघणाऱ्या महाधमनीत) फ्लॅप, आतल्या थराचा फाटून सुटलेला पडदा, म्हणजे टाइप ए डिसेक्शन, ते नुसत्या औषधांवर ठेवायचं काम नाही, सर्जनलाच उठवावं लागते.

आता याच्या उलटं पण होते. गेटिंग (स्कॅन ईसीजीच्या ठोक्यांशी जुळवणं) नसलं की एओर्टाच्या रूटजवळ, म्हणजे मुळाजवळ, धडधडीमुळे सुद्धा फ्लॅपसारखी रेघ उमटते, बहुतेक डावीकडे पुढे आणि उजवीकडे मागे. ती दोन-चार स्लाइसमध्ये विरून जाते, शेजारच्या पल्मोनरी आर्टरीची (फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीची) किनारही तशीच डबल दिसते. तरी शंका राहिली तर ईसीजी गेटिंग लावून परत घे, त्यात काहून लाजायचं? आणि कॉन्ट्रास्ट (नसेतून द्यायचं औषध) देण्याआधीचा प्लेन स्कॅन गाळू नको बापा, एओर्टाच्या भिंतीतलं ताजं रक्त त्यातच चंद्रकोरीसारखं चमकते, कॉन्ट्रास्ट गेला की लपून जाते.

पल्मोनरी एम्बोलिझममध्ये (फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी) क्लॉट सापडला की लोक खूश होऊन थांबतात. उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) डाव्यापेक्षा मोठं आहे का, दोन्हीमधला पडदा, सेप्टम, डावीकडे ढकलला गेलाय का, ते पण लिही, पुढची ट्रीटमेंट त्यावर ठरते. हार्ट अटॅकसाठी विंडो (स्क्रीनवरच्या करड्या छटांची मर्यादा) अरुंद कर, रुंदी २००, लेव्हल १००. एकाच आर्टरीच्या एरियात हृदयाच्या स्नायूच्या आतल्या थरात काळपट पट्टा दिसला तर ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याची रक्ततपासणी) विचार. भिंत पातळ आणि त्यात चरबी असेल तर बहुधा जुनं प्रकरण.

एक मात्र बघताक्षणी ओळखता आलं पाहिजे. कॉन्ट्रास्ट पुढे सरकतच नाही, आयव्हीसीत (हृदयाकडे येणाऱ्या खालच्या मोठ्या शिरेत) आणि लिव्हरच्या मागच्या भागात खाली बसून थर धरतो. असं दिसलं की रिपोर्ट गेला खड्ड्यात, खुर्ची सोड, आत पळ, नाडी बघ, टीमला हाक मार, कारण हृदयाचा पंप बंद पडून राहिलाय.

बाकीच्या गंभीर केसेससाठी डॉक्टरांना फोन. व्हॉट्सॲपवर इमेज टाकून मोकळी होऊ नकोस, रात्री कोण बघते? कोणाला सांगितलं, किती वाजता, हे रिपोर्टमध्येच टाक. टॅम्पोनेड (भोवतीच्या द्रवाने हृदय दाबलं जाणं) वाटला तर बीपी विचार, इको मागव, एकट्या सीटीवर शिक्का मारू नको.

शनिवारी दुपारी ये, आर्टिफॅक्टच्या (स्कॅनमधल्या खोट्या खुणांच्या) दोन-तीन केसेस काढून ठेवतो, फ्लॅप कोणता ते तूच सांग.